बिदरचे कारेझ आणि भुयारी कामाचा परवाना

भूमीवर उभ्या असलेल्या वास्तूची परीक्षा कोणीही करू शकतो. मनोरा कलला किंवा भिंत तडकली, तर ते वाटसरूलाही दिसते. जमिनीखालच्या कामाचे तसे नाही. नळ वा गटार एकदा पुरले, की त्याचा बरेवाईटपणा कळावयास वर्षे लागतात. आणि तो कळतो तेव्हा बांधणारा पुष्कळदा दूर गेलेला असतो. म्हणूनच असे काम कोणाच्या हाती सोपवावे, हा प्रश्न नगरांइतकाच जुना आहे.

१४२२ मध्ये गादीवर आलेल्या अहमदशहा बहमनीने आपली राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बिदरला नेली. बिदर उंच पठारावर वसलेले आहे. वरचा थर सच्छिद्र जांभ्याचा, तर खाली काळा कातळ. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते आणि कातळावर अडते. हे अडलेले पाणी भुयारातून उताराने वाहते करावयाचे, हीच कारेझची योजना. नौबाद येथील कारेझ दोन किलोमीटरांहून अधिक लांब असून त्यावर ठिकठिकाणी उभ्या विहिरी खोदलेल्या आहेत. त्या विहिरींतून माती वर काढीत, हवा खाली येई आणि लोक पाणीही शेंदून घेत. आजच्या भुयारी गटारावरील मॅनहोलचे काम याहून फारसे वेगळे नाही.

ही विद्या मूळची इराणची. तेथे अशा जलवाहिनीस कनात आणि ती खोदणाऱ्यास मुकन्नी म्हणतात. मुकन्नीचे सारे कौशल्य उतारात असे. उतार अधिक झाला तर पाणी भुयाराचा तळ खणून काढते. कमी पडला तर गाळ साचतो. खाली जाताना तो तेलाचा दिवा नेई. दिव्यांच्या रेषेने भुयाराची दिशा साधे, आणि ज्योत मंदावली की हवा दूषित झाल्याचे कळे. शाह निमतुल्ला वलींच्या ज्या घराण्याला अहमदशहाने बिदरला पाचारण केले, ते कनातींसाठी विख्यात असलेल्या किरमान प्रांतातले होते. त्या काळी इराण व दख्खन यांचे दळणवळण किती निकटचे होते, हे यावरून ध्यानात येते.

मात्र हस्तकौशल्य पुरेसे नव्हे, हे इराणी राज्यकर्त्यांनी फार पूर्वीच ओळखले होते. नवव्या शतकात खोरासानचा अधिपती अब्दुल्ला इब्न ताहिर याने कनातींच्या तंट्यांसाठी धर्मशास्त्रज्ञांकडून नियमांचा ग्रंथ करवून घेतला. अकराव्या शतकात गणितज्ञ अल्-कराजी याने भूजलाविषयीच्या आपल्या ग्रंथात पातळी मोजण्याच्या साधनांबरोबरच ‘हरीम’चाही विचार केला. हरीम म्हणजे जुन्या कनातीभोवतीची राखीव जागा; तिच्यात इतरांनी खोदावयाचे नाही. भूमीखाली काम करणाऱ्याने ज्ञानाबरोबर शेजाऱ्याच्या हक्काचेही भान ठेवावे, ही अपेक्षा इतकी जुनी आहे.

बिदरमध्ये पुढे हे भानच ओसरले. वापरातून गेलेल्या विहिरींत केरकचरा पडला, काही बुजल्या. २०१४ च्या जागतिक स्मारक निधीच्या यादीत बिदर या ऐतिहासिक शहराचा समावेश झाला, आणि त्यानंतर नौबादच्या कारेझमधला गाळ उपसण्याचे काम हाती घेण्यात आले.

१९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या व राज्याच्या अमलाखाली असलेले हे जिल्हे नंतर म्हैसूर राज्यात आले. १९७३ मध्ये त्याचे नाव कर्नाटक झाले आणि १९७५ मध्ये नागरी पाणीपुरवठा व मलनिःसारण मंडळ स्थापन झाले. सरकारी कामासाठी ठेकेदारांची आता वर्गवार नोंदणी होते. ऐपत आणि पूर्वीच्या कामांचा दाखला पाहिला जातो. त्याहून मोठी जबाबदारी २०१३ च्या कायद्याने घातली. संरक्षक साधनांवाचून कोणालाही गटाराच्या वा मैल्याच्या टाकीच्या सफाईस उतरविणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला आहे.

मुकन्नीच्या दिव्याची जागा आता वायुमापक यंत्राने घेतली आहे. पण मुकन्नी स्वतः खाली उतरत असे, त्यामुळे दिवा विझू नये याची चिंता त्याची स्वतःची होती. आज परवाना एकाच्या नावाचा असतो आणि खाली उतरतो दुसराच. त्या दुसऱ्याच्या श्वासाची हमी परवान्यात नसेल, तर ती नोंदणी केवळ दप्तरापुरतीच उरते.