औंधचे राजेसाहेब आणि आरोग्याची साधना

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळाचा आग्रह झाला तेव्हा मी जरा बिचकलोच. आम्ही डिप्लोमावाले इंजिनिअर. रूळ, गिट्टी आणि स्लीपर यांच्यापलीकडे आमची लेखणी जात नाही. पण गणराय विद्येची तशीच कलांची देवता. म्हणून शरीर, श्वास आणि कला यांची सांगड घालणाऱ्या एका मराठी राजाविषयी चार शब्द लिहितो.

'होलिस्टिक हीलिंग', 'एनर्जी', 'आर्ट थेरपी' अशी शिबिरे आज शहराशहरांत भरतात. शंभर वर्षांपूर्वी सातारा भागातील औंध या छोट्या संस्थानात हेच सारे वेगळ्या नावाने चालले होते, तेही बिनपैशांत. त्याचे प्रणेते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (1868-1951). ते 1909 साली गादीवर आले.

तरुणपणी बाळासाहेब युरोपातील प्रसिद्ध पहिलवान सँडो याच्या पद्धतीने व्यायाम करीत. सुमारे दहा वर्षांनी, 1908 च्या सुमारास, मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि अखेरपर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत. आज बहुतेक ठिकाणी बारा स्थितींचा नमस्कार शिकवतात. त्यांचा दहा स्थितींचा होता. प्रत्येक नमस्काराबरोबर ॐकार, 'ह्रां, ह्रीं' ही बीजाक्षरे आणि सूर्याचे नाव मोठ्याने म्हणायचे. या उच्चारांच्या कंपनांचा शरीरातील अवयवांवर चांगला परिणाम होतो, असे ते सांगत. म्हणजे हालचाल, श्वास आणि नाद ही तिन्ही एकत्र. संस्थानातील शाळांतून त्यांनी नमस्कार सुरू केले. 1938 साली त्यांच्या पद्धतीवरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले.

पण नुसता व्यायाम सांगून ते थांबले नाहीत, हे मला विशेष वाटते. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते. त्यांचे 'चित्ररामायण' 1916 मध्ये प्रसिद्ध झाले. ते कीर्तनही करीत. पंडित सातवळेकर हे वेदांचे अभ्यासक आणि चित्रकारही. त्यांना औंधात आश्रय मिळाला. 1938 साली यमाईच्या डोंगरावर उभारलेल्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, तसे हेन्री मूर यांचे शिल्पही आहे. सकाळी नमस्कार, हातात कुंचला, मुखी कीर्तन असा त्यांचा जीवनक्रम. याच राजाने 1939 मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला.

नमस्कारांनी बहुतेक आजार दूर राहतात, असा त्यांचा ठाम विश्वास होता. येथे मात्र स्वतःची चूक सांगितली पाहिजे. चार वर्षांपूर्वी मला रक्तदाब निघाला. मी नमस्कार सुरू केले, बरे वाटू लागले आणि परस्पर गोळ्या बंद केल्या. एके दिवशी ट्रॉलीवरून लाइन तपासताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ट्रॉलीमनने दंड धरला म्हणून वाचलो. दोष नमस्कारांचा नव्हता, माझ्या हिशेबाचा होता. गाडी रुळावर ठेवायला नुसता रूळ ठीक असून चालत नाही, चाकेही तपासावी लागतात. आता डॉक्टरांच्या गोळ्याही घेतो आणि रोज बारा नमस्कारही घालतो.

मग राजेसाहेबांकडून घ्यायचे काय? माझ्या मते, रोजचा नेम, आणि अंगाला, गळ्याला व हातांना रोज थोडे काम. आपल्या उत्सवात हे सारे आहेच. मुलांची चित्रकला स्पर्धा आहे, लेझीम आहे, आरतीला मोकळा आवाज आहे. फक्त दहा दिवसांनी आपण ते गुंडाळून ठेवतो. यंदा विसर्जनानंतरही मंडळाच्या हॉलमध्ये रोज सकाळी सहा वाजता नमस्कारांसाठी जमावे, अशी माझी सूचना आहे. ज्यांना आजार आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. सतरंजी मी आणीन.

गणपती बाप्पा मोरया!