ऑम्लेट
ऑम्लेट : फेटलेली अंडी थोड्या लोण्यात, तुपात किंवा तेलात तव्यावर भाजून केलेला खाद्यपदार्थ. मराठीत त्यास 'अंड्याची पोळी' असेही म्हणतात. न्याहारीचा पदार्थ म्हणून तो जगभर परिचित आहे. त्याची कृती सोपी असली, तरी तो मऊ व फुगीर होण्यासाठी काही भौतिक व रासायनिक क्रिया जुळून याव्या लागतात. सातारा व सांगली या जिल्ह्यांतील त्याचा इतिहास पाहता, तो घरी करता येण्यात पाककौशल्यापेक्षा अंड्याची उपलब्धता, चुलीचे स्वरूप आणि स्वयंपाकघरातील सोवळ्याचे नियम या गोष्टी अधिक निर्णायक ठरल्या, असे दिसून येते.

नाव : 'ऑम्लेट' हा शब्द फ्रेंच भाषेतून इंग्रजीमार्गे मराठीत आला. त्याचे मूळ 'लहान, पातळ पत्रा' या अर्थाच्या लॅटिन 'लामेल्ला' या शब्दात शोधले जाते. म्हणजे युरोपीय नाव आणि मराठीतील 'पोळी' हे नाव अशी दोन्ही नावे चपट्या आकारावरूनच पडलेली आहेत. फुगीरपणा हा ऑम्लेटचा मूळ गुण नसून त्याच्या एका प्रकाराचा गुण होय.

फुगीरपणाचे तत्त्व : अंड्याच्या पांढऱ्या बलकात सु. ८८ टक्के पाणी व सु. १० टक्के प्रथिने असतात. पिवळ्या बलकात पाणी सु. निम्मे असून मेदाचे प्रमाण सु. ३० टक्के असते. पांढरा बलक फेटला असता त्यात हवेचे बुडबुडे अडकतात व उलगडलेल्या प्रथिनांचे पातळ पडदे त्यांच्याभोवती तयार होतात. अशा रीतीने त्याचे आकारमान सहा ते आठ पट वाढू शकते. तव्यावर उष्णता लागताच बुडबुड्यांतील हवा प्रसरण पावते, पाण्याची वाफ होते आणि त्याच वेळी पडद्यांतील प्रथिने साकळून ही रचना पक्की होते. पांढरा बलक सु. ६२° से. तापमानास, तर पिवळा बलक सु. ६५° ते ७०° से. तापमानास घट्ट होऊ लागतो. उष्णता याहून फार वाढल्यास प्रथिनांचे जाळे आक्रसते, त्यातील पाणी बाहेर पडते आणि ऑम्लेट चिवट होते. मंद आंच आवश्यक असते ती याचसाठी.

मेदामुळे फेस मोडतो. त्यामुळे पांढऱ्या बलकात पिवळ्याचा थेंब राहिल्यास किंवा भांडे तेलकट असल्यास तो नीट फुगत नाही. लिंबाच्या रसाचे एक-दोन थेंब घातल्यास फेस अधिक काळ टिकतो. कांदा व टोमॅटो यांना पाणी सुटत असल्याने ते बारीक चिरून व निथळून, तेही थोडेच, घालावे लागतात.

कृती : दोन अंड्यांचे पांढरे व पिवळे बलक वेगळे करतात. पिवळ्यात मीठ, मिरपूड व चमचाभर दूध घालून ते ढवळतात. पांढरा बलक कोरड्या भांड्यात टोके उभी राहीपर्यंत फेटतात. त्यात पिवळा बलक हलक्या हाताने, फेस न मोडता, खालून वर असा मिसळतात. जाड बुडाच्या तव्यावर लोणी वितळून फेसाळले, की मिश्रण ओतून त्यावर झाकण ठेवतात व दोन ते तीन मिनिटे मंद आंचेवर राहू देतात. खालची बाजू फिकट सोनेरी झाली व वरची नुकतीच धरली, की ते दुमडून ताबडतोब वाढतात. हवा निवताच आकुंचन पावत असल्याने असे ऑम्लेट फार वेळ फुगलेले राहत नाही. बलक वेगळे न करता पूर्ण अंडी फेटल्यास फुगीरपणा कमी येतो; तथापि घरोघरी हीच रीत अधिक रूढ आहे.

प्राचीन व युरोपीय परंपरा : आपीसियुसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या लॅटिन पाकग्रंथात चार अंडी, दूध व तेल एकत्र करून तव्यावर करावयाचा एक पदार्थ सांगितला आहे. त्याच्या नावातच 'स्पंजासारखी अंडी' असा अर्थ असून तो मध व मिरी यांसह वाढीत. फ्रान्समधील माँ-सँ-मिशेल येथे आनेत पुलार यांनी १८८८ मध्ये सुरू केलेल्या खानावळीतील, तांब्याच्या भांड्यात फेटून लाकडाच्या जाळावर भाजलेले ऑम्लेट फुगीर प्रकाराचा नमुना म्हणून ख्यातनाम झाले.

सातारा व सांगली परिसर : सह्याद्रीच्या या भागात कोंबडीचे वन्य नातेवाईक आजही आढळतात. कोयना व महाबळेश्वरच्या रानांत राहणारा राखी रानकोंबडा हा त्यांपैकी एक होय. पाळीव कोंबडीचे मुख्य मूळ आग्नेय आशियातील लाल रानकोंबड्यात असले, तरी तिच्या त्वचेचा पिवळा रंग ठरविणारा जनुक राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले.

खेड्यातील परसात कोंबड्या पूर्वापार असल्या, तरी त्यांची अंडी घरात सहसा खाल्ली जात नसत. गावरान कोंबडी वर्षाला सु. ५० ते ६० अंडीच देते आणि मधूनमधून खुडूक बसते. अंडे हे पुढच्या पिलाचे बीज असे. उरलेली अंडी बाजाराच्या दिवशी विकून मीठमिरचीपुरते रोख पैसे बाईच्या हाती येत. चार अंडी एका वेळी फोडणे म्हणजे चार पिलांवर किंवा आठवड्याच्या बाजारावर पाणी सोडणे होय. पाहुणा आला किंवा घरात बाळंतीण असली, तरच अंडे चुलीकडे येई आणि तेही बहुधा रश्शात, म्हणजे थोडक्या अंड्यांत सर्वांचे जेवण होई. पोळी केलीच, तर अंड्यांत बेसन कालवून ती वाढविण्याची युक्ती योजीत.

दुसरा अडसर धार्मिक होता. *मनुस्मृति*त ग्राम्य कुक्कुट अभक्ष्य मानला आहे. ब्राह्मण, जैन व लिंगायत कुटुंबांत अंडे वर्ज्य होते. सांगली जिल्ह्यात जैन व लिंगायत शेतकऱ्यांची वस्ती लक्षणीय असून दोन्ही जिल्ह्यांत वारकरी संप्रदायाचा प्रभाव मोठा आहे. माळकरी माणूस मांसाहार करीत नाही. मांसाहार करणाऱ्या अनेक घरांतही अंड्यामांसासाठी वेगळी भांडी असत व ते शिजविण्याची चूल घराबाहेर किंवा परसात मांडली जाई. श्रावण, एकादशी व वाराचे उपास यांमुळे ते दिवसही मोजकेच उरत. अशा स्थितीत रोजच्या तव्यावर रोज सकाळी अंडे भाजणे ही कल्पनाच परकी होती.

थंड हवेची ठिकाणे : या परिसरात युरोपीय पद्धतीची न्याहारी प्रथम रुजली ती महाबळेश्वर व पाचगणी येथे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार करून १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर येथे इंग्रजांसाठी आरोग्यस्थान वसविले. पुढे उन्हाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम तेथे असे. पाचगणीची वसाहत १८५० नंतरच्या दशकांत जॉन चेसन याने वाढविली व तेथे निवासी शाळा निघाल्या. या ठिकाणी आलेल्या पारशी कुटुंबांची अंड्याच्या पदार्थांची परंपरा समृद्ध होती. कांदा, हिरवी मिरची व कोथिंबीर घातलेला त्यांचा 'पोरो' हा मसालेदार ऑम्लेटचाच प्रकार होय.

रुग्णाहार : पांढरपेशा घरांत अंड्याचा प्रवेश पुष्कळदा आजारपणाच्या वाटेने झाला. क्षयरोगावर गुणकारी औषध नव्हते, त्या काळात विश्रांती, मोकळी हवा व दूध, लोणी, अंडी यांनी युक्त असा सकस आहार हाच उपचार मानला जाई. दोन्ही जिल्ह्यांत त्यासाठी नामांकित संस्था उभ्या राहिल्या. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणी येथे बेल-एअर आरोग्यधाम सुरू केले, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरज येथे १८९४ मध्ये स्थापिलेल्या रुग्णालयाच्या कार्यातून १९२० च्या सुमारास सांगली-मिरज रस्त्यावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले व ती वस्ती वॉनलेसवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली. डॉक्टरांनी सांगितले म्हणून घेतलेले अंडे हे औषध ठरे व औषधाला सोवळ्याची आडकाठी कमी असे. मऊ शिजलेले, मसाल्याविना केलेले ऑम्लेट रुग्णास पचावयास हलके म्हणून देत. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या व १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून मात्र असे दिसले, की नवी औषधे नियमित घेतल्यास साधा आहार घेऊन घरी राहिलेले रुग्णही आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात. अंड्याचे औषधी स्थान त्यामुळे ओसरले, पण अनेक घरांत तोवर त्याची सवय झाली होती.

याच काळात अंडे शाकाहारी की मांसाहारी, हा वाद चालू होता. महात्मा गांधींनी १९४२ मध्ये आगाखान राजवाड्यातील स्थानबद्धतेत लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात, ज्यातून पिलू निपजत नाही असे निर्बीज अंडे दूध घेणाऱ्याने घेण्यास हरकत नसावी, असे मत मांडले. सुटकेनंतर १९४४ मध्ये ते विश्रांतीसाठी पाचगणीस राहिले होते. नराविना ठेवलेल्या कोंबड्यांची आजची बाजारी अंडी निर्बीजच असतात; तरी ती वर्ज्य मानणाऱ्यांचे समाधान या युक्तिवादाने झालेले नाही.

घरगुती रूप : ऑम्लेट मराठी स्वयंपाकघरात आले, ते धिरडे, घावन व थालीपीठ यांच्या पंगतीत बसले. बिडाचा तवा, कडेने सोडलेले तेल, वर झाकण आणि उलथण्याने उलटून दोन्ही बाजू खरपूस भाजणे ही सारी रीत धिरड्याची आहे. त्यात कांदा, हिरवी मिरची, हळद व कोथिंबीर पडली व ते चपातीबरोबर किंवा पावाबरोबर खाण्याचा प्रघात पडला. एसटी स्थानकांजवळच्या गाड्यांवर मिळणारे ऑम्लेट-पाव याच जातीचे होय. ते चविष्ट असते, पण प्रखर आंचेमुळे मऊ व फुगीर क्वचितच होते. लाकडाच्या चुलीवर स्थिर मंद आंच राखणे कठीण असल्याने घरीही तीच अडचण असे.

अंडे न खाणाऱ्या घरांनी ऑम्लेटचे नाव व रूप घेऊन अंडे वगळले. बेसनात टोमॅटो, कांदा व मिरची घालून केलेले 'टोमॅटो ऑम्लेट' हे वस्तुतः धिरडेच होय. त्यात अंड्यातील प्रथिनांचे काम डाळीच्या पिठातील प्रथिने व स्टार्च करतात आणि हलकेपणासाठी पीठ चांगले फेटतात किंवा चिमूटभर सोडा घालतात.

पाकपुस्तकांतूनही दोन परंपरा दिसतात. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या *गृहिणी-मित्र* (१९१०) या ग्रंथात मांसमच्छीच्या पाककृतींना स्थान मिळाले. सध्याच्या सांगली जिल्ह्यातील कुंडल येथे जन्मलेल्या कमलाबाई ओगले यांचे *रुचिरा* (१९७०) हे मुख्यतः शाकाहारी पुस्तक वाटी-चमच्याच्या सुबोध मापांमुळे घरोघरी पोहोचले. सासूकडून सुनेकडे हातोहात जाणारी विद्या छापील मापांत आल्यामुळे, घरात पूर्वी न झालेला पदार्थ करून पाहण्याचे धैर्य नव्या गृहिणींना आले.

व्यावसायिक कुक्कुटपालन : १९७० नंतर चित्र झपाट्याने पालटले. व्हाइट लेगहॉर्न जातीपासून तयार केलेल्या संकरित कोंबड्या वर्षाला सु. ३०० अंडी देऊ लागल्या. मूळ हैदराबाद येथे १९७१ मध्ये सुरू झालेल्या व पुढे पुण्यात केंद्रित झालेल्या वेंकटेश्वरा हॅचरीज या उद्योगाचे संस्थापक बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली व उत्पादकांना स्वतःचा भाव जाहीर करता येऊ लागला. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण भागात, विशेषतः खानापूर तालुक्यातील विटा परिसरात, शेतीला पूरक धंदा म्हणून हा व्यवसाय वाढला. अंडे परसातून किराणा दुकानात आले व बारमाही झाले. त्याबरोबरच अंड्यांची जी थोडी मिळकत खेड्यातील बाईच्या स्वतःच्या हाती राहत असे, तीही आटली. स्वयंपाकाच्या गॅसमुळे आंच मनाजोगी कमी-जास्त करता येऊ लागली व न चिकटणारे तवे आले. फुगीर ऑम्लेट घरी सहज होण्यास लागणारी सामग्री अशा रीतीने विसाव्या शतकाच्या अखेरीस सामान्य घरांत जमली.

सद्यःस्थिती : अंड्याविषयीचा सामाजिक प्रश्न मात्र संपलेला नाही. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा व अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा स्वतंत्र निधी थांबवून ते लोकसहभागातून द्यावे असे ठरविण्यात आले. ज्या घरांत ऑम्लेट रोजची न्याहारी झाली आहे, तेथील मुलांना याने फरक पडत नाही. ज्या घरांत अंडे अद्याप बाजारच्या दिवशीचीच वस्तू आहे, तेथील मुलांना पडतो. सातारा व सांगली जिल्ह्यांत ही दोन्ही प्रकारची घरे आजही एकाच गावात आढळतात.