ओझे वाहणारी बॅटरी : वॉस्पच्या पंखापासून कार्बनच्या धाग्यापर्यंत

ऑगस्ट 2002. जेमतेम 170 ग्रॅम वजनाचे 'वॉस्प' हे चिमुकले अमेरिकी मानवरहित विमान 1 तास 47 मिनिटे हवेत राहिले. त्याची बॅटरी पोटात नव्हती, ती पंखाचाच भाग होती. वीज पुरवणारी वस्तूच उड्डाणाचा भार पेलत होती. वजन वाचले आणि उड्डाण लांबले.

पुढे हा विचार अधिक धीट झाला. बॅटरी सांगाड्यात बसवण्याऐवजी सांगाड्याचा धागान् धागाच बॅटरी का होऊ नये? विमानांत वापरला जाणारा कार्बन फायबर लिथियम सामावून घेतो. इलेक्ट्रोड होण्याची पात्रता त्याच्या अंगी होतीच. 2013 मध्ये स्वीडनच्या व्होल्व्होने, लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या सहभागाने चाललेल्या युरोपीय प्रकल्पातून, प्रायोगिक एस80 मोटारीला वीज साठवणारे डिकीचे झाकण बसवले.

खरी कसोटी टिकाऊपणाची होती. स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातील संशोधकांना आढळले, की चार्ज होताना हा तंतू लांबीत जवळपास 1 टक्का वाढतो आणि डिस्चार्ज होताना आखडतो. ताठरता ढळत नाही. पण लिथियम आत असताना ताण सोसण्याची ताकद घटते आणि ते बाहेर पडल्यावरही पूर्णपणे परतत नाही. 1 टक्का क्षुल्लक वाटेल, परंतु असा तंतू सुमारे 2 टक्के ताणातच तुटतो! शिवाय त्याला धरून ठेवणाऱ्या रेझिनलाही ही ओढाताण दर वेळी सोसावी लागते. दोघांची पकड सुटली की भार पेलणे संपले.

दुसरा पेच इलेक्ट्रोलाइटचा. द्रवातून आयन सहज धावतात, पण द्रव भार पेलत नाही. कडक रेझिन भार पेलते, पण आयनांना अडवते. तोडगा निघाला तो स्पंजासारख्या सच्छिद्र पॉलिमरचा : घन भिंतींनी ओझे वाहायचे, छिद्रांतल्या द्रवाने आयन.

गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात लाइफ आस्प यांच्या गटाने 2021 मध्ये किलोमागे 24 वॉट-अवर आणि 25 गीगापास्कल ताठरता गाठली. 2024 मध्ये धन बाजूची अ‍ॅल्युमिनियमची पत्री काढून तेथेही कार्बन फायबर आला. आकडे झाले 30 आणि 70. म्हणजे ताठरता थेट अ‍ॅल्युमिनियमच्या तोडीची. नेहमीचे लिथियम सेल किलोमागे 200 वॉट-अवरांहून अधिक देतात हे खरे, पण त्यांना वाहून नेणारा सांगाडा वेगळा लागतो.

हा घट प्रयोगशाळेत 1000 आवर्तनांपर्यंत तपासला गेला. रोज एकदा चार्ज केल्यास तो हिशेब तीन वर्षांचाही भरत नाही. फोनची थकलेली बॅटरी बदलता येते. मोटारीच्या छपराकडून मात्र पंधरा-वीस वर्षांची अपेक्षा असते.