नागपूर–दुर्ग लोहमार्ग

नागपूर–दुर्ग लोहमार्ग : मुंबई–हावडा मार्गाचा मधला, महाराष्ट्र व छत्तीसगड राज्यांतून जाणारा रुंदमापी विद्युतीकृत भाग. लांबी सु. २६५ किमी. कामठी, कन्हान, तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, डोंगरगड व राजनांदगाव ही यावरील प्रमुख स्थानके. दुर्ग स्थानक रायपूर विभागात येते. त्याच्या अलीकडचा बहुतेक मार्ग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाकडे आहे. नागपुरात मध्य रेल्वेच्याही विभागाचे मुख्यालय असल्याने प्रवाशांचा आणि कधीकधी वृत्तपत्रांचाही घोटाळा होतो.

इतिहास : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली आणि तेथेच थांबली. पलीकडच्या छत्तीसगडात भात आणि गहू अमाप पिके, पण बाहेर काढायला बैलांशिवाय साधन नव्हते. दुष्काळात धान्य हलवता यावे, हेही सरकारचे एक कारण होते. १८८० ते १८८२ च्या दरम्यान नागपूर ते राजनांदगाव असा सु. १४९ मैलांचा मीटरमापी ‘नागपूर–छत्तीसगड रेल्वे’ मार्ग सरकारने सुरू केला. पैसे वाचवण्यासाठी घेतलेले लहान माप लगेच महागात पडले. राजनांदगावहून आलेले प्रत्येक पोते नागपुरात हमालांनी छोट्या वाघिणीतून उतरवायचे आणि मुंबईच्या रुंदमापी वाघिणीत पुन्हा चढवायचे. हंगामात माल तुंबणे ठरलेलेच.

१८८७ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीने हा मार्ग घेऊन रुंदमापी केला आणि बिलासपूरमार्गे पूर्वेकडे वाढवत १८९१ मध्ये आसनसोलला भिडवला. झरिया-राणीगंजच्या कोळशाला पश्चिमेची वाट मिळाली ती अशी, धान्याच्या मार्गाला जोडून. कंपनीचा कारभार १९४४ मध्ये सरकारकडे आला. पुढे १९५२ मध्ये पूर्व रेल्वे, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे व २००३ मध्ये दक्षिण पूर्व मध्य रेल्वे अशी नावाची पाटी बदलत गेली. विद्युतीकरण १९९० च्या सुमारास टप्प्याटप्प्याने झाले.

मार्ग कन्हान व वैनगंगा या नद्या ओलांडतो. गोंदियापर्यंत तो सपाटीचा आहे. सालेकशापुढे दरेकसा–बोरतलाव दरम्यान जंगल, चढण आणि बोगदा लागतो. दरेकशाजवळ कचारगडच्या गुहा असून माघी पौर्णिमेस गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. डोंगरगडला बमलेश्वरीचे देवस्थान आहे; नवरात्रात तेथे एरवी न थांबणाऱ्या काही गाड्याही थांबवतात.

कोळसा वाहतूक : कोरबा व ओडिशातील खाणींचा कोळसा या मार्गाने तिरोडा (३,३०० मेवॉ.), मौदा (२,३२० मेवॉ.), कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रांकडे जातो. साधारण ५८-५९ वाघिणींचा एक रेक असतो. स्थानकांवरील बाजूच्या मार्गिका सु. ७०० मी. लांबीच्या, म्हणजे एका रेकपुरत्या असतात. असे अनेक रेक जोडून एकच गाडी केली, की वेळापत्रकातल्या जागा वाचतात. मात्र ती वाटेत कोठेही बाजूला घेता येत नाही. जुलै २०२० मध्ये नागपूर विभागातून कोरब्याकडे चार रिकाम्या रेकची २.८ किमी. लांबीची ‘शेषनाग’ धावली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी पाच भरलेल्या रेकची ‘सुपर वासुकी’ कोरबा ते राजनांदगाव हे २६७ किमी. अंतर ११ तास २० मिनिटांत आली. लांबी सु. ३.५ किमी., वाघिणी २९५, इंजिने सहा. एक स्थानक ओलांडायला तिला सु. चार मिनिटे लागत. तिच्यातील कोळसा २७,००० टन असल्याचे सर्वत्र छापले गेले. या आकड्यास २९५ ने भागल्यास वाघिणीमागे ९१ टनांहून थोडे अधिक येते, आणि भरलेल्या वाघिणीचे तिच्या स्वतःच्या वजनासह एकूण वजन तेवढेच भरते. तेव्हा निव्वळ कोळसा वीस-एकवीस हजार टन धरणे योग्य. या मार्गाचा कोळसा बंदरापर्यंत जात नाही, तो मुख्यतः वाटेतल्या वीजकेंद्रांतच जळतो. बंदराचा माल म्हणजे भंडारा-बालाघाटचे मँगनीज. त्यासाठी रायपूर–विजयनगरम् मार्ग (१९३१) व विशाखापट्टणम् बंदर (१९३३) उपयोगी पडले.

इतर माल : तांदूळ, लोखंड-पोलाद, सिमेंट. गोंदिया हे जंक्शन असून तेथून बालाघाट व बल्लारशाहकडे फाटे जातात.

नागपूरच्या मोतीबाग भागात २००२ पासून अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय आहे. राजनांदगाव–कळमना ही २२८ किमी.ची तिसरी मार्गिका टप्प्याटप्प्याने टाकण्याचे काम हाती घेण्यात आले.