भोंगा थांबल्यावर

परवा बऱ्याच वर्षांनी मोहन्याला जाऊन आले. आंबिवलीला उतरून रिक्षा केली. एनआरसीची भिंत दिसली आणि भाऊजी आठवले. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. सारी नोकरी तिथेच झाली त्यांची.

नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन हे पूर्ण नाव, पण मोहन्यात कोणी ते घेत नसे. लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा निघे आणि त्या धाग्यावर गाव चाले. गावाचं घड्याळ म्हणजे पाळीचा भोंगा. नोव्हेंबर २००९ मध्ये कारखाना बंद पडला, हजारो कामगार घरी बसले. थकीत देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं रेंगाळला.

भोंगा थांबला तरी भाऊजी पहिल्या पाळीच्या वेळेला उठून बसत. दाढी करत. मग जायचं कुठे? जाऊबाई काही बोलल्या की चिडत. मीही एकदा मास्तरकी केली, "भाऊजी, झालं गेलं विसरा आता." आज त्या वाक्याची लाज वाटते.

कारण नंतर वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांबद्दल वाचलं. माकडाला आधी खूण दाखवायची, मग फळाचा रस द्यायचा. सवय झाली की मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी रसाला नव्हे, खुणेलाच उसळतात. आणि रस दिलाच नाही तर? नेमक्या रसाच्या क्षणी त्या नेहमीपेक्षाही मंदावतात. म्हणजे न मिळणं हे मेंदूच्या लेखी शून्य नसतं, ती वजाबाकी असते, तीही घड्याळ लावून! पुन्हा पुन्हा रस चुकला की मेंदू अपेक्षाच सोडतो. मोहन्यात मात्र अधूनमधून पैशाची बातमी यायची. मीटिंग ठरली की भाऊजी आदल्या रात्री शर्टाला इस्त्री करत. अपेक्षा मरणार कशी? (हा आपला माझा तर्क. मी काही डॉक्टर नव्हे.)

व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावात सूतगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली, अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा आणि तिचे सहकारी तिथे राहून आले, १९३३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांनी रस्त्यावरच्या माणसांची चाल मोजली. पुरुष बायकांपेक्षा हळू चालत, वाटेत थांबत. बायकांना घरकाम होतंच ना! आणि माझ्यातल्या शिक्षिकेला टोचलेली गोष्ट म्हणजे वाचनालय. वेळच वेळ असताना लोकांनी नेलेली पुस्तकं जवळपास निम्म्यावर आली. एक अपेक्षा सोडताना माणूस तेवढीच सोडत नाही. बाकीची गोडीही सोबत जाते.

मी भाऊजींना त्या वर्षी चार पुस्तकं दिली होती, वेळ जावा म्हणून. दिवाळीला ती परत आली. एकात मी बसचं तिकीट खूण म्हणून ठेवलं होतं, दहाव्या पानावर. ते तिथेच होतं.