चिकाची पहिली धार

शेळी व्याली की पहिले दोन-तीन दिवस तिला जे पिवळसर, दाट दूध येते त्याला आपण चीक म्हणतो. या चिकाचे काय करावे याबद्दल मात्र गावोगावी वेगवेगळी मते ऐकू येतात. काही घरांत वार पडेपर्यंत करडाला आचळाला लावत नाहीत. काही जण चीक 'जड' असतो, करडाला हगवण लागते असे म्हणून पहिली धार जमिनीवर सोडून देतात. नव्यानेच एखाद-दुसरी शेळी पाळू लागलेल्या माणसाला मग प्रश्न पडतो की यातले खरे काय?

या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळायला सुमारे तीस वर्षे लागली. उंदीर, शेळी आणि वासरू या तिघांवरच्या प्रयोगांतून ते टप्प्याटप्प्याने हाती आले. शास्त्रज्ञ प्रश्न कसा विचारतात आणि एका प्राण्यावर मिळालेले उत्तर दुसऱ्याला जसेच्या तसे का लागू करता येत नाही, हे समजून घेण्यासाठीही ही हकिकत वर्गात सांगण्याजोगी आहे.

वारसा की देणगी?

1890 साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्या विषाला निकामी करणारे काहीतरी असते आणि तो रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला टोचला की त्यालाही संरक्षण मिळते. या 'काहीतरी'लाच आज आपण प्रतिद्रव्ये म्हणतो. साहजिकच पुढचा प्रश्न आला: आईबापांची ही प्रतिकारशक्ती पिल्लांना वारशाने मिळते का?

पाउल एर्लिख यांनी हा प्रश्न उंदरांवर तपासला. त्यांनी वापरलेली विषे आपल्या परिचयाच्या वनस्पतींतली होती. एक होते एरंडाच्या बियांतले रायसिन आणि दुसरे गुंजेच्या बियांतले अ‍ॅब्रिन. ही विषे अत्यल्प मात्रेपासून हळूहळू वाढवत दिली की उंदीर त्यांना सरावतो. अशा सरावलेल्या नराची पिल्ले तपासली, तर त्यांच्यात प्रतिकारशक्ती मुळीच नव्हती. सरावलेल्या मादीच्या पिल्लांत मात्र ती होती, पण काही काळाने ओसरत होती. हा खरा वारसा असता, तर तो बापाकडूनही आला असता आणि टिकलाही असता.

मग एर्लिख यांनी 1892 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पिल्लांची अदलाबदल केली. सरावलेल्या मादीची पिल्ले साध्या मादीकडे पाजायला दिली आणि साध्या मादीची पिल्ले सरावलेल्या मादीकडे. ज्या पिल्लांची जन्मदात्री साधी होती पण दूध सरावलेल्या मादीचे मिळाले, त्यांच्यातही प्रतिकारशक्ती आली! म्हणजे संरक्षणाचा मोठा वाटा दुधातून येत होता. त्याच वर्षी एर्लिख आणि लुडविग ब्रीगर यांनी शेळी निवडली. धनुर्वाताविरुद्ध प्रतिकारक्षम केलेल्या शेळीचे दूध उंदरांना टोचले, तर उंदरांना धनुर्वातापासून संरक्षण मिळाले. प्रतिद्रव्ये दुधात उतरतात, याचा हा पुरावा होता.

शेळीच्या करडाचे रक्त

आता करडाच्या बाजूने विचार करू. ते जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात काय असते? 1912 साली अमेरिकेत फॅम्युलेनर यांनी याचे उत्तर शोधले. शेळ्यांना दुसऱ्या प्राण्याच्या तांबड्या रक्तपेशी टोचल्या की त्या पेशी फोडणारी प्रतिद्रव्ये शेळीच्या रक्तात तयार होतात. ती किती आहेत हे परीक्षानळीत मोजता येते. अशा शेळ्यांच्या नुकत्याच जन्मलेल्या करडांच्या रक्तात ती जवळजवळ आढळलीच नाहीत. चीक पोटात गेल्यावर मात्र ती करडाच्या रक्तात दिसू लागली. शिवाय चिकातले त्यांचे प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षाही जास्त होते. व्यायच्या आधी कास जणू रक्तातून प्रतिद्रव्ये गोळा करून साठवते.

असे का, याचे कारण वारेच्या रचनेत आहे. माणसात आईच्या रक्तातली काही प्रतिद्रव्ये वारेतून गर्भाकडे जातात, त्यामुळे मूल काही शिदोरी घेऊनच जन्माला येते. शेळी, मेंढी, गाय, म्हैस यांच्यात आईचे रक्त आणि गर्भाचे रक्त यांच्यामध्ये पेशींचे जास्त थर असतात आणि प्रतिद्रव्यांचे मोठे रेणू ते ओलांडू शकत नाहीत. म्हणून करडू रिकाम्या हाताने जन्मते. स्वतःची पुरेशी प्रतिद्रव्ये बनवायला त्याला काही आठवडे लागतात. तोवर त्याचे भांडवल एकच, आईचा चीक.

हे भांडवल न मिळाल्यास काय होते, ते 1922 साली थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी वासरांवर दाखवले. एका गटाला चीक मिळाला, दुसऱ्याला चीक वगळून साधे दूध. चीक मिळालेली वासरे जगली. न मिळालेल्यांपैकी बहुतेक थोड्याच दिवसांत दगावली. ज्या जंतूंनी त्यांचा जीव घेतला ते गोठ्यात आणि आतड्यात नेहमी आढळणारेच होते. चीक म्हणजे केवळ पौष्टिक दूध नव्हे, हे यानंतर कोणी नाकारू शकले नाही.

दार बंद होण्याआधी

येथे एक शंका यायला हवी. प्रतिद्रव्ये ही प्रथिने आहेत आणि प्रथिने तर पोटात पचतात. मग ती अखंड रक्तात कशी जातात? नवजात करडाच्या आतड्याच्या पेशी मोठे रेणू सबंधच आत ओढून रक्ताकडे सोपवू शकतात. त्याची पाचक रसायनेही अजून जोमात नसतात आणि चिकातले काही घटक त्यांना आणखी आवर घालतात. परंतु ही सोय थोडाच काळ असते. जन्मानंतर तासागणिक ती कमी होत जाते आणि साधारण एका दिवसात बंद होते. उंदराच्या पिल्लात हेच दार दोन आठवड्यांहून अधिक काळ उघडे राहते. एर्लिख यांच्या उंदरांवरून कोणी करडाचे वेळापत्रक ठरवले असते, तर ते घातक ठरले असते.

आता वार पडण्याची वाट पाहण्याच्या प्रथेकडे पाहा. वार पडायला कित्येक तास लागू शकतात. तेवढा वेळ करडू उपाशी राहिले, तर दार मिटत जाते आणि त्याच तासांत जमिनीवरचे जंतू त्याच्या तोंडातून आणि ओल्या नाळेतून आत शिरत असतात. उलट करडू लुचू लागले की शेळीचे गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडायला मदतच होते. तेव्हा नियम साधा आहे: करडू कोरडे पुसावे, नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे आणि तासाभरात पहिला चीक पोटात जाईल असे पाहावे. पहिल्या दिवसभरात वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा चीक मिळायला हवा. अडीच किलोच्या करडाला सुमारे 250 मिलिलिटर, तोही तीन-चार वेळा विभागून. उस्मानाबादी शेळीला जुळी होणे नेहमीचेच. त्यांतले अशक्त करडू मागे ढकलले जाते, त्याला धरून पाजावे लागते.

दुधानंतर पाला

चीक संपला की पुढचा प्रश्न खाण्याचा. नवजात करडाचे कोटीपोट, म्हणजे रवंथाचा मोठा कप्पा, अगदी लहान असते. प्यालेले दूध एका पन्हळीतून त्याला वळसा घालून थेट चौथ्या कप्प्यात जाते. हे कोटीपोट कशाने वाढते? नुसत्या भरण्याने, असा समज होता. 1950 च्या दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात वॉर्नर, फ्लॅट, लूसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासरांच्या कोटीपोटात प्लॅस्टिकचे स्पंज ठेवून पाहिले. पोट ताणले गेले, पण अन्नरस शोषणारे आतले अंकुर वाढले नाहीत. दाणा आंबून तयार होणारी आम्ले मिळाली, तेव्हा मात्र ते वाढले. म्हणून करडाला दुसऱ्या आठवड्यापासून दुधाबरोबरच कोवळा पाला आणि चिमूटभर भरडा समोर ठेवावा. पहिले काही दिवस ते नुसते चघळते, पण त्यातूनच रवंथाची तयारी होते.

देणगीच्या मर्यादा

आईने दिलेली प्रतिद्रव्ये उसनी असतात, ती संपतात. आईनेही तीच दिलेली असतात जी तिच्याजवळ आहेत. म्हणून गाभण शेळीला व्यायच्या तीन-चार आठवडे आधी आंत्रविषाराची लस टोचतात. ब्रीगर आणि एर्लिख यांच्या शेळीचेच हे तत्त्व आहे. गंमत अशी की हीच उसनी प्रतिद्रव्ये लसीच्या आड येतात. पीपीआर या बुळकांडीच्या जातीच्या रोगाची लस फार लवकर दिली, तर आईची प्रतिद्रव्ये लसीतल्या विषाणूलाच निकामी करतात. म्हणून ती करडू तीन-चार महिन्यांचे झाल्यावर देतात. चिकातून रोगही येऊ शकतो. शेळ्यांना सांधेदुखी जडवणारा एक विषाणू मुख्यतः चीक आणि दूध यांतूनच करडात जातो. त्यासाठी काही देशांत चीक 56 अंश सेल्सिअसला तासभर गरम करून पाजतात. तेवढ्या उष्णतेने विषाणू मरतो आणि प्रतिद्रव्ये बऱ्याच अंशी टिकतात.

चीक उकळला तर? वर्गात हे दाखवता येईल. करडे किंवा वासरू पोटभर प्याल्यावर उरलेला पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या दिवसाचा चीक वेगवेगळ्या वाट्यांत घेऊन वाफवा. पहिल्या दिवसाचा घट्ट खरवस होतो, पुढचा सैल होत जातो आणि चौथ्या दिवशी दूध दूधच राहते. विरजण नाही, आंबट नाही, मग घट्ट काय झाले? उष्णतेने गोठणारी प्रथिने, ज्यांत प्रतिद्रव्येही मोठ्या प्रमाणात आहेत. खरवस आपल्याला रुचतो तो याच प्रथिनांमुळे. मात्र वाफवल्यावर ती करडाच्या कामाची उरत नाहीत. वाट्यांतला हा फरक पाहिलेला विद्यार्थी घरी शेळी व्याल्यावर पहिली धार जमिनीवर सोडू देणार नाही, असे आम्हाला वाटते.