गुबार आणि गुब्बारा

आमच्या घरच्या बोलीत धुळीला ‘गुबार’ म्हणतात आणि फुग्याला ‘गुब्बारा’. शब्द ऐकायला सख्ख्या भावंडांसारखे. विज्ञानाच्या इतिहासातही ही दोघे एकत्र भेटतात. कारण उंचावरची धूळ मोजायला माणसाने फुग्याचीच मदत घेतली.

शेलूबाजारच्या माणसाला धुळीची ओळख करून द्यायला नको. सोयाबीनची मळणी सुरू झाली की कुटार उडते, उन्हाळ्यात धुरे पेटतात, रस्त्यावरून दिवसरात्र ट्रक धावतात. पण डोळ्यांना दिसते ती धूळ लवकर खाली बसते. खरी भटकी जात वेगळीच. केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही बारीक असे कण श्वासाबरोबर छातीत खोल जातात आणि वाऱ्यावर शेकडो किलोमीटर हिंडतात. ते किती उंच जातात, हे जमिनीवर बसून नेमके कळत नाही. यंत्रच वर न्यावे लागते.

आपल्याकडे या कामाचा पाया वेगळ्याच हेतूने घातला गेला. 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन करणारे डॉ. होमी भाभा अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांच्या शोधात होते. त्यासाठी फुगे सोडले जात. पुढे संस्थेने प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे स्वतःच बनवले आणि 1969 पासून हैदराबादला कायमचे केंद्र उभे केले. इकडे पुण्याच्या हवामान खात्यात अण्णा मणी यांच्या देखरेखीखाली 1960च्या दशकात ओझोन मोजणारे, फुग्याला टांगता येईल असे हलके यंत्र तयार झाले.

जगात त्याच सुमारास ख्रिश्चन युंगे या शास्त्रज्ञाने फुग्यांवरील उपकरणांनी सुमारे वीस किलोमीटर उंचीवर गंधकयुक्त कणांचा थर शोधला. ज्वालामुखी फुटला की हा थर दाट होतो. 1991 मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला, तेव्हा अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी हैदराबादहून फुगे सोडून त्याचे कण दख्खनच्या आकाशात मोजले.

पण माझ्यासारख्या शेतकरी मुलखातल्या माणसाला चकित करणारी गोष्ट पुढे आहे. पावसाळा हवा धुऊन काढतो, असे आपण मानतो. खाली ते खरेच आहे. मात्र मान्सूनचे उंच ढग खालची हवा उपसून वरही नेतात. 2011 मध्ये उपग्रहाच्या नोंदींतून दिसले की पावसाळ्यात आशियावर तेरा ते अठरा किलोमीटर उंचीवर कणांचा एक थर साचतो. त्याची शहानिशा करायला 2014 पासून नासा आणि इस्रो यांनी मिळून हैदराबादसह काही ठिकाणांहून फुगे सोडले. काही उपकरणांचे वजन जेमतेम अर्धा किलो. हवा आत ओढायची, प्रकाशाच्या झोतातून न्यायची आणि कणांवरून किती उजेड विखुरतो ते मोजायचे, असे त्यांचे साधे तत्त्व. गाळणीवर पकडलेल्या कणांत नायट्रेट सापडले. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनाने त्या थरात अमोनियम नायट्रेट असल्याचे सांगितले. त्यातला अमोनिया मुख्यतः शेतातल्या युरियातून आणि गुरांच्या शेणामुतातून येतो. म्हणजे आपल्या शिवाराचा अंश तिथवर पोचला आहे!

वर गेलेला फुगा कधीतरी खाली येतोच. रबरी फुगा उंचावर फुगत-फुगत फुटतो आणि यंत्र छत्रीला लटकून उतरते. मोजलेले आकडे रेडिओने कळतात. पण कण पकडलेली गाळणी हातातच परत यावी लागते. म्हणूनच हैदराबादच्या केंद्राकडून आजूबाजूच्या राज्यांतील जिल्ह्यांना, महाराष्ट्रातल्याही, सूचना जातात : शेतात असे यंत्र सापडले तर उघडू नका, पत्त्यावर किंवा पोलीस ठाण्यात कळवा, बक्षीस मिळेल. इतक्या मोठ्या प्रयोगाचा शेवट अशा वेळी एखाद्या गुराख्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतो. या माणसांची नावे शोधनिबंधांत क्वचितच येत असतील.

आता ड्रोन आले आहेत. फवारणीमुळे ते शेतकऱ्याला परके राहिलेले नाहीत. 2021च्या नियमांनुसार मोकळ्या क्षेत्रात 120 मीटरपर्यंत ते उडवता येतात. नेमक्या याच उंचीतल्या धुरात आपण राहतो. अडचणीही आहेत : पंख्यांचा वारा मोजणी बिघडवतो, दमट हवेत स्वस्त संवेदक फसतात. त्या ओळखून काम केले, तर धुरे पेटल्यावर किंवा मळणीच्या दिवसांत गावावर काय तरंगते, ते आकड्यांत कळेल.

मोठ्या शहरांच्या चौकांत हवेचे आकडे पाट्यांवर झळकतात. खेड्यातल्या दम्याच्या रुग्णाला मात्र ‘धूळ लागली’ एवढेच निदान मिळते. अठरा किलोमीटरवरची आपली धूळ मोजली गेली आहे. आता उंबऱ्यासमोरचीही मोजली जावी, एवढेच मागणे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)